एक छोटा शब्द, अनेक अर्थ: इंग्रजी शब्दकोड्यातला ‘सेट’ कसा सोडवायचा

इंग्रजी शब्दकोडं पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला वाटतं, की आपण अडणार ते मोठ्या, अनोळखी शब्दांपाशी. होतं उलटंच. अनोळखी शब्द कोशात पाहिला की त्याचे एक-दोन अर्थ मिळतात आणि विषय संपतो. खरी अडचण येते ती शाळेच्या पहिल्या काही वर्षांतच शिकलेल्या शब्दांपाशी. क्लू, म्हणजे उत्तराकडे नेणारा इशारा, म्हणून नुसता ‘सेट’ एवढाच शब्द दिलेला असतो आणि समोर पाच रिकामी घरं असतात. शब्द ओळखीचा, अर्थही ओळखीचा, तरी पेन हलत नाही. कारण आपल्याला माहीत असलेला अर्थ त्या शब्दाच्या कितीतरी अर्थांपैकी एक असतो आणि कोडं रचणाऱ्याच्या मनात बहुधा दुसराच असतो.

हा लेख अशाच शब्दांसाठी आहे. उदाहरणाला ‘सेट’ हा एकच शब्द जवळजवळ शेवटपर्यंत धरला आहे. एका शब्दाच्या सगळ्या वाटा नीट पायाखाली घातल्या की ‘रन’, ‘कट’, ‘पोस्ट’, ‘फास्ट’ यांनाही तीच रीत लागू पडते. वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा: इथे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिले आहेत, पण घरं मोजायची ती इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे. ‘पुट’ला तीन घरं लागतात, ‘रेडी’ला पाच आणि टोळकं या अर्थाच्या ‘क्लीक’ला सहा.

छोटे शब्दच का छळतात

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली आली. त्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद होती ‘सेट’ची: ४३० अर्थ आणि त्यांच्या स्पष्टीकरणाला सुमारे ६०,००० शब्द. पुढे त्याच कोशाची सुधारणा सुरू झाल्यावर ‘रन’ पुढे गेला. ‘रन’च्या एकट्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ संपादकांनी वेगळे काढले.

हे आकडे पाहून दडपून जाऊ नका. त्यातले बरेच अर्थ जुने, प्रादेशिक किंवा एखाद्या धंद्यापुरते आहेत. कोड्यात पुन्हा पुन्हा येणारे अर्थ माझ्या अंदाजाने वीस-पंचवीसच्या वर नाहीत आणि ते सगळे तुम्ही कुठे ना कुठे वाचलेले, ऐकलेले असतात. ऐन वेळी ते आठवत नाहीत, एवढंच. म्हणजे काम पाठांतराचं नाही, आठवणीला नेमका धक्का देण्याचं आहे.

‘सेट’ कोड्यात इतका का दिसतो, त्याचंही कारण साधं आहे. अमेरिकी पद्धतीच्या चौकटीत प्रत्येक अक्षर एका आडव्या आणि एका उभ्या शब्दात बसावं लागतं आणि तीन अक्षरांहून छोटा शब्द चालत नाही. अशी दाट वीण जमवायची तर इंग्रजीत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या अक्षरांचे छोटे शब्द हाताशी लागतात. एस, ई आणि टी ही तिन्ही अक्षरं त्या यादीत बरीच वर आहेत. त्यामुळे ‘सेट’ हा शब्द उत्तर म्हणूनही येतो आणि क्लू म्हणूनही. दोन्ही बाजूंनी त्याची ओळख हवी.

आधी व्याकरण, मग अर्थ

क्लू वाचल्यावर अर्थाच्या मागे धावण्याआधी त्याचं रूप पाहा. कोड्यांचा एक नियम फार काटेकोरपणे पाळला जातो: क्लू आणि उत्तर व्याकरणाने एकाच जातीचे असतात. क्लू नाम असेल तर उत्तर नाम, क्लू भूतकाळी तर उत्तर भूतकाळी, क्लू अनेकवचनी तर उत्तरही अनेकवचनी. ‘सेट्स’ असा क्लू असेल तर शेवटच्या घरात एस हे अक्षर पेन्सिलने बारीक लिहून ठेवायला हरकत नाही. ‘पुट्स’, ‘लेज’, ‘किट्स’ या सगळ्यांच्या शेवटी एस आहेच. अपवाद असतात, म्हणून पेन्सिल.

आता ‘सेट’ची अडचण पाहा. हा शब्द वर्तमानात ‘सेट’, भूतकाळात ‘सेट’ आणि धातुसाधितातही ‘सेट’. ‘पुट’, ‘कट’, ‘लेट’, ‘हिट’, ‘शट’, ‘कास्ट’, ‘स्प्रेड’ ही त्याचीच भावंडं. क्लू ‘सेट’ असेल तर उत्तर ‘ले’ असू शकतं आणि ‘लेड’ही, ‘प्लेस’ असू शकतं आणि ‘प्लेस्ड’ही. शिवाय तो नाम आणि विशेषणही आहे. म्हणून ‘सेट’ दिसला की स्वतःला आधी विचारायचं: नाम, क्रियापद की विशेषण? क्रियापद असेल तर कुठला काळ? या प्रश्नांची उत्तरं लगेच मिळाली नाहीत तरी चालेल. पण सगळ्या शक्यता मोकळ्या ठेवायच्या. नवखा माणूस मनात पहिल्यांदा आलेली एकच जात धरून बसतो आणि अर्धा तास तिच्याच मागे फिरतो.

उच्चाराचाही विचार इथे बाजूला ठेवायचा. आर-ई-ए-डी हा शब्द वर्तमानात ‘रीड’ आणि भूतकाळात ‘रेड’, पण चौकटीला ते ऐकू येत नाही. तिला फक्त अक्षरं दिसतात.

‘काय सेट?’ हा प्रश्न

आता मुख्य गोष्ट. माझ्या मते नवशिक्याला एवढी एक सवय लागली तरी अर्धं काम होतं: क्लू एकटा वाचायचा नाही, त्याला सोबत द्यायची.

मराठीत ‘लावणे म्हणजे काय?’ असं कुणी विचारलं तर आपण उत्तर देत नाही, उलट विचारतो, ‘काय लावणे?’ दिवा लावणे वेगळं, रोप लावणे वेगळं. कुलूप लावणे, मलम लावणे, गजर लावणे, अर्थ लावणे, वेळ लावणे, प्रत्येकात क्रिया निराळी. शेजारी नाम आलं की अर्थ आपोआप ठरतो. इंग्रजीतल्या ‘सेट’चंही अगदी असंच आहे. गजर तर तिथेही ‘सेट’च करतात. म्हणून ‘सेट’चे समानार्थी शब्द आठवायचा प्रयत्न करू नका. ‘सेट’च्या आजूबाजूला कोणती नामं राहतात ती आठवा. समानार्थी शब्द त्यांच्या मागोमाग येतात.

क्रियापदापासून सुरुवात करू. टेबल सेट करतात, म्हणजे ताटं-चमचे मांडतात. तिथे ‘ले’ किंवा भूतकाळी ‘लेड’ बसतो. सापळा सेट करतात, तिथेही ‘ले’. सूर्य सेट होतो, मग ‘सँक’ किंवा दोन शब्दांचं ‘वेंट डाउन’. जेली आणि सिमेंट सेट होतात, मग ‘हार्डन’, ‘काँजील’ आणि ‘जेल’. या ‘जेल’ची एक गंमत माहीत असावी. उच्चार एकच, स्पेलिंगं दोन: तीन अक्षरी जी-ई-एल आणि चार अक्षरी जे-ई-एल-एल. घट्ट होणं या अर्थाने दोन्ही बरोबर आहेत, घरं किती आहेत त्यावरून निवड होते. तारीख किंवा किंमत सेट करतात, तिथे ‘फिक्स’. शिक्षक गृहपाठ सेट करतात, तिथे ‘असाइन’. घड्याळ सेट करतात, तिथे ‘अॅडजस्ट’. अंगठीत खडा सेट करतात, तिथे ‘माउंट’. विक्रम सेट होतो, तिथे ‘एस्टॅब्लिश’.

विशेषणाची बाजू छोटी आहे, पण चकवा देणारी तीच. शर्यतीच्या सुरुवातीला धावपटू सेट असतात, म्हणजे ‘रेडी’. मेनू सेट असतो, म्हणजे ‘फिक्स्ड’. अभ्यासक्रमाला लावलेलं पुस्तक सेट असतं, म्हणजे ‘प्रिस्क्राइब्ड’. मतं सेट झालेली असतात, म्हणजे ‘फर्म’ किंवा ‘रिजिड’.

नामाच्या बाजूला मात्र गर्दीच आहे. अवजारांचा सेट म्हणजे ‘किट’. कपबश्यांचा सेट म्हणजे ‘सर्व्हिस’. एकमेकांत मिसळणाऱ्या माणसांचा सेट म्हणजे ‘सर्कल’, ‘क्राउड’ किंवा थोड्या नापसंतीच्या सुरात ‘क्लीक’. टीव्हीचा सेट म्हणजे ब्रिटिश बोलीत ‘टेली’. सिनेमाचा सेट, बुद्धिबळाचा सेट, टेनिसचा सेट, गणितातला सेट, वादकांनी एका दमात सादर केलेला सेट, व्यायामातला सेट. या शेवटच्यावरून अमेरिकी कोड्यांत ‘रेप्स’ हे चार अक्षरी उत्तर येतं, कारण एका सेटमध्ये ठरावीक रेप्स, म्हणजे एकाच हालचालीच्या आवृत्त्या, असतात. बॅजर नावाच्या प्राण्याच्या बिळाला ‘सेट’ म्हणतात. त्याचं स्पेलिंग दोन टी घालूनही करतात आणि ब्रिटिश कोडी रचणाऱ्यांचं हे लाडकं बीळ आहे. लावणीसाठीच्या कांद्याच्या छोट्या गड्ड्यांनाही ‘सेट’ म्हणतात. आणि प्राचीन इजिप्तच्या पुराणकथांत ऑसायरिसला मारणारा त्याचा भाऊ सेट. त्यामुळे ‘ऑसायरिसचा भाऊ’ अशा अर्थाचा क्लू आला आणि घरं तीन असली, तर उत्तर हेच.

ही सगळी यादी एका बैठकीत पाठ करायची नाही. ‘काय सेट?’ असं विचारून स्वतः चार-पाच नामं काढायची आणि प्रत्येकासमोर एक पर्यायी शब्द ठेवायचा. पहिल्यांदा दोनच सुचतील. महिनाभराने दहा सुचतात.

कोश उघडावा कसा

कोश आणि समानार्थी शब्दांचा संग्रह, म्हणजे थिसॉरस, यांची कामं वेगळी आहेत. थिसॉरस शब्दांचा ढीग देतो, पण त्यातला कुठला शब्द कुठल्या अर्थाला जुळतो ते धड सांगत नाही. कोश ते सांगतो. शोध थिसॉरसमध्ये घ्यावा आणि निवाडा कोशात करावा, असा क्रम मला योग्य वाटतो.

कोशात ‘सेट’ काढला की पहिली नजर शब्दजातीच्या खुणेवर टाका. नामाचे, क्रियापदाचे आणि विशेषणाचे अर्थ वेगवेगळ्या भागांत असतात. कधी एकाच स्पेलिंगच्या शब्दाला दोन-तीन स्वतंत्र नोंदी असतात आणि त्यांना क्रमांक दिलेले असतात, कारण त्यांचे उगम निराळे असतात. ‘सेट’ हे क्रियापद जुन्या इंग्रजीतलं; ‘सिट’, म्हणजे बसणे, त्याचं हे ‘बसवणे’. पण समूह या अर्थाचा ‘सेट’ जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि पंथ या अर्थाचा ‘सेक्ट’ त्याच मुळाचा. दोन वेगळे शब्द एकाच वेशात आले आणि पुढे एकमेकांत मिसळून गेले. क्लूमधला अर्थ एका नोंदीत सापडला नाही तर पुढची नोंद पाहायची, ती यासाठी.

अर्थांच्या क्रमाकडेही लक्ष हवं. सगळे कोश एकाच क्रमाने अर्थ देत नाहीत. मेरियम-वेबस्टरमध्ये सगळ्यांत जुना अर्थ आधी येतो, तर ऑक्सफर्डचे आजच्या वापराचे कोश सध्याचा मुख्य अर्थ आधी देतात. त्यामुळे ‘पहिला अर्थ तोच महत्त्वाचा’ असं धरून चालू नका. उलट कोडं जितकं अवघड, तितका क्लूचा अर्थ नोंदीच्या तळाशी सापडतो. सोप्या कोड्याला वरचे तीन-चार अर्थ पुरतात.

अर्थापुढे तिरप्या अक्षरांत छोट्या खुणा असतात: जुना, प्रादेशिक, बोलीतला, गणितातला, ब्रिटिश, अमेरिकी. त्या वगळून वाचू नका. कोडं अमेरिकी असेल तर ब्रिटिश बोलीतला अर्थ सहसा कामाचा नसतो, आणि असला तर क्लूमध्ये ‘लंडनमध्ये’ किंवा तसा काहीतरी इशारा ठेवलेला असतो.

नोंदीच्या शेवटचा भाग बहुतेकजण वाचतच नाहीत आणि मला तो फार मोलाचा वाटतो: जोडशब्द आणि वाक्प्रयोग. ‘सेट अबाउट’ म्हणजे सुरुवात करणे. ‘सेट इन’ म्हणजे पाऊस, थंडी किंवा निराशा येऊन ठाण मांडणे. ‘सेट ऑफ’ म्हणजे निघणे, आणि फटाका उडवणेही. ‘सेट अप’ म्हणजे उभारणे, आणि कुणाला अडकवणेही. ‘सेट-टू’ म्हणजे बाचाबाची. ही सगळी पाच-सहा किंवा त्याहून जास्त घरांची उत्तरं म्हणून येतात आणि अमेरिकी चौकटीत शब्दांमधली जागा दाखवत नाहीत. एस-ई-टी-टी-ओ अशी पाच अक्षरं समोर आली की हा कुठला शब्द, असं वाटतं. दोन शब्द असू शकतात, हे तेव्हा आठवायला हवं.

जागा बदलून पाहणे

सुचलेलं उत्तर बरोबर आहे का, हे तपासायची पद्धत साधी आणि भरवशाची आहे. क्लूचा शब्द असलेलं एक वाक्य मनात तयार करा. मग त्या शब्दाच्या जागी उत्तर ठेवा. वाक्याचा अर्थ तोच राहिला आणि व्याकरणही बिघडलं नाही, तर उत्तर चालेल. ‘जेली सेट झाली’ आणि ‘जेली हार्डन झाली’, चाललं. ‘धावपटू सेट आहेत’ आणि ‘धावपटू रेडी आहेत’, चाललं.

ही चाचणी एका मोठ्या चुकीपासून वाचवते. समानार्थीचा समानार्थी हा समानार्थी असतोच असं नाही. ‘सेट’ म्हणजे ‘रेडी’ हे बरोबर. ‘रेडी’ म्हणजे ‘क्विक’ हेही बरोबर, कारण हजरजबाबीपणाला इंग्रजीत ‘रेडी विट’ म्हणतात आणि ‘क्विक विट’ही. पण ‘सेट’ म्हणजे ‘क्विक’ होत नाही. दोन्ही जागी बसेल असं एकही वाक्य तयार करता येत नाही. थिसॉरसमध्ये एका शब्दावरून दुसऱ्यावर उड्या मारत गेलं की हे हमखास घडतं. एक उडी मारली की थांबा आणि वाक्य करून पाहा.

आणि क्लूमधला शब्द उत्तरात येत नाही. ‘सेट’ या क्लूचं उत्तर ‘रीसेट’ असणार नाही. तसं सुचलं तर पुढे जायचं.

पाच घरांचा ‘सेट’: एक उदाहरण

आता वरचं सगळं एकत्र वापरू. क्लू आहे ‘सेट’, घरं पाच, कुठलंही अक्षर हाती नाही. नामं काढली: धावपटू, माणसं, टीव्ही, खडा, नाटक, आणि वस्तू ठेवण्याची क्रिया. त्यातून पाच अक्षरी शब्द मिळाले: रेडी, ग्रुप, क्राउड, टेली, माउंट, स्टेज, प्लेस, फिक्स्ड. आठ उमेदवार. या टप्प्यावर एकही लिहायचा नाही. आवडता उमेदवार आधी लिहून टाकला की तो खोडायला मन होत नाही आणि त्याच्यामुळे आजूबाजूचे चार शब्द बिघडतात.

आडव्या शब्दाला छेदणारे उभे शब्द सोडवा. समजा, त्यातून तिसरं अक्षर ए मिळालं. ग्रुप आणि क्राउडचं तिसरं अक्षर ओ, माउंटचं यू, टेलीचं एल, फिक्स्डचं एक्स. हे पाचही गेले. पण रेडी, प्लेस आणि स्टेज या तिघांच्याही तिसऱ्या घरात ए आहे. एक विशेषण, एक क्रियापद, एक नाम. एक अक्षर मिळालं म्हणून कोडं सुटलं असं नसतं, ते यासाठी दाखवलं. आता कुठला छेद सोडवायचा? पाचव्या घराचा छेद सोडवला आणि ई आलं, तर फक्त रेडी जातो, प्लेस आणि स्टेज उरतात. चौथ्या घरात मात्र तिघांची अक्षरं वेगळी आहेत: डी, सी आणि जी. पहिल्या घरातही आर, पी आणि एस असा निकाल लगेच लागतो. म्हणजे पुढचा प्रयत्न पहिल्या किंवा चौथ्या घराला छेदणाऱ्या शब्दावर करायचा.

तिसऱ्या घरात ए ऐवजी ओ आलं असतं तर ग्रुप आणि क्राउड उरले असते. दोघांचं दुसरं अक्षर आर, तिसरं ओ. तिथे दुसऱ्या घराचा छेद सोडवून काहीच मिळत नाही. उमेदवार जिथे एकमेकांपासून वेगळे होतात, तिथे मेहनत करायची. हे जमायला लागलं की कोडं सोडवणं म्हणजे अंदाज बांधणं राहत नाही, तपास होतो, आणि या छंदाची खरी गोडी तिथे आहे.

उमेदवारच सुचत नसतील तर अक्षरांचा नमुना देऊन शब्द शोधता येतात. वनलुकसारख्या संकेतस्थळावर रिकाम्या घराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं की त्या नमुन्यात बसणारे शब्द मिळतात. शिकण्याच्या काळात याचा वापर करण्यात मला काही गैर दिसत नाही. फक्त मिळालेला शब्द कोशात पाहून तो क्लूशी कसा जुळला, हे समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

क्लूमधल्या खुणा

काही खुणा सगळीकडे सारख्या आहेत. गाळलेली जागा असलेले क्लू सर्वांत सोपे. सुरुवात नेहमी त्यांनी करा. ‘गेम, रिकामी जागा, अँड मॅच’ किंवा ‘ऑन युअर मार्क, गेट रिकामी जागा’ दिसलं की ‘सेट’ लिहून मोकळं व्हायचं. क्लूमध्ये संक्षेप वापरला असेल तर उत्तरही संक्षेपच असतं. क्लू अवतरणचिन्हांत असेल तर उत्तर म्हणजे बोलताना तोंडून निघणारा उद्गार. ‘फॉर वन’ किंवा ‘ई.जी.’ दिसलं तर क्लू हे उदाहरण आहे आणि उत्तर म्हणजे त्याची जात: ‘हॅमर, फॉर वन’ म्हणजे ‘टूल’. शेवटी प्रश्नचिन्ह असेल तर शब्दखेळ आहे असं समजा. ‘सेटर इन द वेस्ट?’ असं विचारलं आणि घरं तीन असली, तर पश्चिमेला मावळणारा ‘सन’. ब्रिटिश कोड्यांत क्लूनंतर कंसात अक्षरसंख्या असते. दोन शब्दांचं उत्तर असेल तर दोन आकडे, मध्ये स्वल्पविराम किंवा जोडरेघ.

कोडं निवडतानाही दिवस पाहावा. न्यूयॉर्क टाइम्सने १९४२ साली कोडी छापायला सुरुवात केली. त्यांच्याकडे सोमवारचं कोडं सगळ्यांत सोपं आणि शनिवारचं सगळ्यांत कठीण असतं. रविवारचं आकाराने मोठं, साधारणतः २१ बाय २१ घरांचं, पण शनिवारइतकं कठीण नसतं. उत्तर तेच ‘सेट’ असलं तरी सोमवारी टेनिसची गाळलेली जागा येईल आणि शनिवारी नुसतं ‘फर्म’. नवशिक्याने काही आठवडे सोमवार-मंगळवारच्या पुढे जाऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन.

सांकेतिक कोड्यांची तोंडओळख

ब्रिटिश वृत्तपत्रांत एक वेगळा प्रकार आहे, क्रिप्टिक. तिथे क्लू हे एक वाक्य असतं आणि वाक्याचा वरवरचा अर्थ दिशाभूल करण्यासाठीच असतो. बहुतेक क्लूंत दोन गोष्टी असतात: एका टोकाला उत्तराची सरळ व्याख्या, आणि उरलेल्या भागात अक्षरांची जुळणी. व्याख्या सुरुवातीला असते किंवा शेवटी, मधे कधीच नसते. ‘सेट’साठीच तीन क्लू रचून दाखवते.

पहिला, ‘फर्म पार्ट ऑफ रोझ ट्री’. व्याख्या ‘फर्म’. ‘पार्ट ऑफ’ सांगतं की उत्तर पुढच्या शब्दांत दडलं आहे. ‘रोझ’ची शेवटची दोन अक्षरं एस आणि ई, ‘ट्री’चं पहिलं टी. जोडा.

दुसरा, ‘फिक्स एनर्जी इन स्ट्रीट’. व्याख्या ‘फिक्स’. एनर्जीचं संक्षिप्त रूप ई, स्ट्रीटचं एस-टी. ‘इन’ म्हणजे ई हे अक्षर एस आणि टीच्या मधे ठेवा.

तिसरा, ‘रेडी ग्रुप’. इथे जुळणी नाही. दोन्ही शब्द म्हणजे दोन वेगळ्या व्याख्याच आहेत, आणि दोन्हींना बसणारा एकच शब्द शोधायचा आहे. तुम्ही ‘काय सेट?’ हा सराव केला असेल तर हा प्रकार सगळ्यांत आधी जमतो.

क्रिप्टिकमध्ये ‘सेटर’ हा शब्द दिसला तर सावध व्हा. ब्रिटनमध्ये कोडं रचणाऱ्यालाच सेटर म्हणतात, म्हणून क्लूत ‘सेटर’ म्हणजे ‘मी’, आणि अक्षरांच्या जुळणीत आय किंवा एम-ई. पण तोच शब्द कुत्र्याची एक जात, सूर्य, किंवा जेली घट्ट करणारा पदार्थही असू शकतो.

वही

सोडवलेल्या कोड्यांतून मिळालेले शब्द लिहून ठेवायला एक वही करा, पण ती अकारविल्हे लावू नका. एका पानावर क्लूचा शब्द, खाली त्याची सोबती नामं, आणि प्रत्येक नामासमोर मिळालेलं उत्तर व अक्षरसंख्या. ‘सेट’च्या पानावर जेलीसमोर ‘जेल, ३’, ‘जेल, ४’, ‘हार्डन, ६’, ‘काँजील, ७’ असं. पुढच्या वेळी क्लू आला की नजर थेट नामांवर जाते. न सुटलेल्या क्लूंची उत्तरं दुसऱ्या दिवशी पाहताना नवीन नाम सापडलं तर तेही त्याच पानावर चढवा.

पुढचं पान ‘फास्ट’चं करा. काय फास्ट? गाडी, अर्थातच. मग घड्याळ, पुढे पळणारं. मग कपड्याचा रंग, न जाणारा. मग झोप, ‘फास्ट अस्लीप’मधली गाढ. मित्र, घट्ट मैत्रीचे. आणि नाम म्हणून उपवास. त्यानंतर ‘पोस्ट’: खांब, नोकरी, टपाल, सैन्याचं ठाणं, भिंतीवर सूचना लावणं. आणि मग बी-ओ-डब्ल्यू, ज्याचा उच्चार धनुष्य, व्हायोलिनचा गज आणि फितीची गाठ यांसाठी ‘बो’ होतो, तर वाकून नमस्कार आणि जहाजाचं पुढचं टोक यांसाठी ‘बाउ’. त्या पानावर पाच नामं लिहून झाली की तीन घरांच्या उत्तराला किती प्रकारचे क्लू येऊ शकतात, ते स्वतः रचून पाहा.